घर्षण शून्य

बैलहोंगलचा ईरण्णा तीन संगणक जोडून गेला
त्याला आता दीड महिना झाला.
जाताना म्हणाला, टीचर, एल्ला सरी ऐती.
आणि खरंच, सगळं ठीक आहे,
करंट असला की.

पाचवीचे एकवीस जण, सात-सात एका पडद्याला,
पुढचे गुडघ्यांवर, मागचे बाकांवर,
आणि सगळ्यांच्या मागे मी,
कारण मलाही हे पहिल्यांदाच दिसतंय.

पडद्यावर एक खोकं. एक माणूस ते ढकलतो.
त्याला चेहरा नाही, कॉलर आहे.
खाली कन्नडमध्ये दोन बटणं: प्रारंभिसु, निल्लिसु.
आणि एक पट्टी, तिच्यावर सरकणारी गुंडी.
ओमाण्णा अक्षर लावून वाचतो: घ-र्ष-णे.
"हा तर आपलाच शब्द की, बाई.
नुसता शेवटाला ए लागलाय."
होय, म्हणते मी.
यावर आणखी बोलता आलं असतं,
खानापूरच्या स्टँडावरच्या पाट्यांबद्दल, त्यांना फासलेल्या डांबराबद्दल.
पण तास पस्तीस मिनिटांचा आहे.

"गुंडी शून्यावर ने."
ओमाण्णा नेतो. माणूस एकदाच ढकलतो
आणि मागे राहतो.
खोकं निघतं ते निघतंच.
एक झाड जातं, एक घर जातं, एक टेकडी,
पुन्हा एक झाड.
"बाई, ते तेच झाड हाय."
"नाही रे, दुसरं असेल."
"तेच. फांदी मोडल्याली हाय बघा."
मग एकवीस जण झाडं मोजत बसतात.
सतराव्या खेपेलाही फांदी मोडलेलीच असते
आणि खोक्याचा वेग रतीभर कमी झालेला नसतो.

मी फळ्याकडे वळते. घर्षणाचे तोटे, लिहिते.
एक : गती कमी होते.
दोन : वस्तू झिजतात.
मागून रेणुका कुंभार म्हणते,
"आमचं चाक असं न्हाई."

ती सहसा बोलत नाही. वर्ग वळून बघतो.
"बा दांड्यानं फिरवतोय. दीड गाडगं हुईस्तवर चाक दमतंय.
मग परत दांडा."
मी खूश होते, धड्यातलं उदाहरण चालत आलं म्हणून.
"मग घर्षण शून्य झालं तर बरंच की गं!
बाला दांडा लागणार नाही."
ती विचार करते. खाली बघून, पंजा उघडून
स्वतःच्याच बोटांकडे.
"पर मग माती हाताला धरणार न्हाई, बाई.
नुसतीच सटकणार.
चाक फिरंल जन्मभर,
गाडगं एकबी हुनार न्हाई."

खडू माझ्या हातात होता.
तीन, असं लिहून मी थांबले होते.
खडूही घासल्याशिवाय लिहीत नाही,
हे बावीस वर्षं फळ्यावर लिहून
मला आत्ता कळत होतं.

तेवढ्यात करंट गेला.
पडदे काळे झाले, त्यांत आमची तोंडं दिसली,
बावीस, एकमेकांवर चढलेली.
ओमाण्णानं विचारलं, "खोकं आता कुठं असंल?"
कुणी म्हणालं, गोव्यात.

दुसऱ्या दिवशी रेणुकानं मातीचा गोळा आणला,
ओल्या फडक्यात, डब्याच्या पिशवीतून.
एकेकाला चिमूट चिमूट मिळाली.
करंट आल्यावर मी म्हटलं, आता तू बस.
तिनं गुंडी शून्यावरून उचलली,
पार टोकाला नेली. खोकं हललंच नाही.
माणूस ढकलत राहिला, कॉलरसकट.
मग मागे आणली, थोडी, आणखी थोडी,
डोळे बारीक करून,
चाकावरचा काठ बघावा तशी,
आणि एका जागी सोडून दिली.
"इथं?"
"इथं हुतंय गाडगं."
किती अंश, ते आकड्यात लिहून घ्यायचं राहिलं.

परवा ईरण्णा तपासणीला आला.
माऊसवर अंगठ्याचा ठसा होता, वाळलेला, लाल.
त्यानं खिशातला रुमाल काढला.
मी म्हटलं, बेड.
राहू दे तेवढं.