फाट्याजवळचं पाणी

आर्वी पाह्ताकारी, वय एक्क्याऐंशी,
मान डावीकडे वळवून पडलाय.
खिडकीबाहेर रोवानिएमीची दुपार, दोनलाच अंधारलेली.
गळ्याला जेल लागलं तेव्हा हसला,
म्हणाला, याहून गार पाण्यात पस्तीस वसंत काढलेत मी,
कमरेपर्यंत, हातात आकडी घेऊन,
लाकूड समुद्राकडे लावत.

प्रोब टेकवला.
पडद्यावर धमनी आली, काळा सरळ पट्टा,
आणि जबड्याखाली तिचे दोन फाटे.
आवाज वाढवला.
शूऽक. शूऽक. शूऽक.
डोळे मिटून ऐकत राहिला.
"हे चांगलं पाणी. इथं ओंडके आपसूक जातात.
जरा खाली चल."
त्याचं खाली म्हणजे माझं वर,
मेंदूकडे.

फाट्यापाशी आवाज खरखरला,
मधेच उलटा श्वास,
निळ्यात लाल, लालात निळं.
"इथं," तो म्हणाला. "इथं तुंबतं."
मी अजून काहीच बोलले नव्हते.

ओलूला शिकत होते तेव्हा
काचेच्या तबकडीत हेच अस्तर पाहिलं होतं.
एका पेशीइतकीच त्याची जाडी,
आणि जन्मभर रक्ताची घासणी.
साचल्या पाण्यात त्या पेशी फरशीच्या तुकड्यांसारख्या,
हिचं तोंड इकडे, तिचं तिकडे.
पंप लावला. संथ, एकाच दिशेनं.
दुसऱ्या सकाळी पाहते तर
सगळ्या लांबट होऊन वळलेल्या
पाणी जात होतं तिकडे.
कुणी हुकूम सोडला नव्हता.

आपण नाक मुरडून म्हणतो, वाहवत गेला.
प्रवाहपतित, ही तर शिवीच.
पेशींच्या हे गावी नाही.
अंगावरून ओघाचा हात एकसारखा फिरत राहिला
की त्या निवतात,
पलीकडच्या स्नायूला सांगतात, सैल हो बाबा, वाट दे.
पण तोच हात घुटमळला,
पुढे, मागे, धड जाणं नाही धड थांबणं नाही,
तर त्या चिकट होतात,
येत्याजात्याला धरून ठेवतात:
आधी चरबी, मग पांढऱ्या पेशी, मग चुना.
जोर त्या बराच सोसतात.
घुटमळणं सोसत नाही.

"किती तुंबलंय?"
निम्म्याला थोडं कमी, मी म्हटलं. डॉक्टर नीट सांगतील.
"फोडायचं नाही?"
बहुतेक नाही. तुकडा सुटला तर खाली जाईल.
(मीही आता खाली म्हणायला लागले होते.)
त्यानं मान हलवली,
प्रोब सरकला, नदी गेली.
"आम्हीही समोरून कधी फोडलं नाही.
तेउवो एकदा समोर उभा राहिला."
पुढे बोलला नाही.
मी पुन्हा जेल लावलं.

रोज किती चालता?
"पत्रांच्या डब्यापर्यंत."
म्हणजे किती?
"उन्हाळ्यात चाळीस पावलं.
हिवाळ्यात डबाच सापडत नाही."
धरणं झाली, लाकूड ट्रकनं जायला लागलं,
मग ऐली गेली,
मग खुर्ची खिडकीशी सरकली.
हे त्यानं सांगितलं नाही अशा क्रमानं,
मी लावला.

मी म्हटलं, चाललात, जरा धाप लागली,
की सगळ्या शरीरात ओघ वाढतो,
अस्तराला तो कळतो.
गोळ्या आहेतच. पण गोळी घासत नाही.
"घासायला हवं," तो म्हणाला,
जणू तव्याबद्दल बोलतोय.

उठायच्या आधी मागितलं,
"ते वरचं पाणी पुन्हा लाव."
बाहेर कुणी खोकत होतं, वेळ टळून गेली होती.
लावलं. शूऽक. शूऽक.
अर्धा मिनिट, कागदावर न लिहिलेलं.

मग टॉवेलनं गळा पुसून गेला.
खिडकीतून दिसला,
एक पाय घसरगाडीच्या दांडीवर, दुसऱ्यानं बर्फाला रेटा देत,
टॅक्सीवाल्याला नको म्हणत.
रस्ता जिथं दोन होतो तिथल्या दिव्याखाली थबकला.

कुठे वळला ते पाहायचं राहिलं.
आत पुढची बाई येऊन
स्कार्फ सोडत होती.