झिरो बघून घ्या

गाडी आली तेव्हा सेक्रेटरी घाडींनी विचारलं,
"आग लागली तर?"
तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या,
"आमच्या मीटरवर नाही ना येणार?"
सात महिने अर्ज फाइलीत निजून होता.
सात महिने मी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून
वायर खाली सोडली,
पाववाल्यासाठी पिशवी सोडतात तशी,
आणि सकाळी सहाला, लोक दूध घ्यायला उतरायच्या आत,
गुंडाळून वर ओढली.
कन्नमवार नगरातली मांजरं तेवढी रुसली:
हिचं बॉनेट तापत नाही.

आता खांबावर डबा आहे, डब्याला कुलूप.
झोपताना फोनवर बघते: चौसष्ट.
पाणी प्यायला उठते: एक्याऐंशी.
माझ्या घरात दुसरं कुणी
रात्रीतून इतकं भरून आलेलं
मला आठवत नाही.

दगडूमामा एकतीस वर्षं सायनच्या पंपावर
नळी धरून उभा होता.
त्याचा शर्ट आई कपाटात येऊ द्यायची नाही,
बाहेर दोरीवरच. तरी वास यायचाच.
मेढ्याला पुतण्याची वास्तुशांत, म्हणून त्याला घेऊन निघाले.
"चालू झाली?" त्याने विचारलं.
ऐरोलीचा पूल ओलांडला तरी विचारत होता,
"बंद नाही ना पडली?"

शिरवळला दोन मशिनं.
एक बंद, त्यावर कागद चिकटवलेला.
दुसऱ्यावर आधीच एक कुटुंब, डब्यातून ठेपले खात.
आमचा नंबर लागला, प्लग बसला,
पडद्यावर आलं: अठ्ठेचाळीस मिनिटं.
मामा उतरला, वळसा घालून माझ्या बाजूला आला,
खिडकीशी किंचित वाकला, आणि सहज,
कुणी सांगितल्याशिवाय:
"हेमे, झिरो बघून घे."

एकतीस वर्षं किती खिडक्यांना म्हणाला असेल हे.
काच अर्धी खाली यायची.
लोक झिरोकडे बघायचे,
त्याच्याकडे नाही.

मी झिरो बघितला.
मग त्याच्याकडे बघितलं.
कॉलरमध्ये रुमाल अजून तसाच खोचलेला,
उजवं मनगट डाव्यापेक्षा जाड.

त्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त गिऱ्हाईक कधी मिळालंच नव्हतं.
अठ्ठेचाळीस मिनिटांचं काय करावं, ते त्याला कळेना.
चहा झाला, हवा तपासून झाली चारही चाकांची.
मग म्हणाला, एक टॅक्सीवाला होता,
रोज पहाटे चाळीस रुपयांचं टाक म्हणायचा,
भाव वाढले तरी चाळीसचंच.
वीस वर्षं.
"नाव काय त्याचं?"
मामाने खूप आठवून बघितलं.
"नंबर सांगतो," म्हणाला,
आणि सांगितला.

परतताना खंडाळ्याला अडतीस.
मी एसी बंद केलेला, मान आखडलेली,
मामा घामाघूम, पण तक्रार नाही.
घाट लागला. मी पाय काढून घेतला,
गाडी स्वतःला सावरत उतरू लागली.
एकोणचाळीस.
चाळीस.
मामाने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.
"कोण ओततंय?"
"कुणी नाही मामा. उतार आहे."

खाली खोपोलीचे दिवे दिसेपर्यंत तो आकड्यावरून हलला नाही.
बेचाळीस.
"म्हणजे," अखेर तो म्हणाला,
"आजवरचे उतार फुकटच गेले की."
आणि हसला. मला वाटतं, हसला.
अंधार होता.

प्रतीक्षा नगरात त्याच्या गेटपाशी थांबले.
पिशवी, काठी, मेढ्याहून दिलेली नाचणी,
एकेक करून उतरवलं.
दार लावून त्याने छतावर दोनदा थाप मारली,
घ्या पुढे, अशी.

तेरा टक्के उरले होते.
आरशात बघितलं, मागे कुणीच नव्हतं.
तरी मी गाडी जरा
पुढे घेतली.