सतरा रुपये सत्तर पैसे

तेंदूच्या नऊ दिवसांत
पहाटे चारला जंगलात, उन्हं चढायच्या आत माघारी,
मग पडवीत मांडी घालून पुडकी बांधायची.
एका पुडक्यात सत्तर पानं,
एकोणसत्तर नाही, एकाहत्तर नाही.
फळीवर मुन्शी बोट लावून मोजायचा
तेव्हा तुझे डोळे त्याच्या बोटावर.
म्हणून म्हणते जयवंता,
हिशेब मी तुला शिकवला नाही.
नुसती जागा दाखवली.

कुरखेड्याला जाताना काळीपिवळीत
तुझ्या मांडीवर कागदांची पिशवी,
आधार, दोन फोटो, एकात तू रागावलेली.
बँकेत पंखा होता, सर्व्हर नव्हता.
दोन वाजता आला तो, पाहुण्यासारखा.
आधी माझं काम होतं. अंगठा दाबला मशीनवर,
पुसून दाबला, पदराला घासून दाबला.
जुळत नाही, म्हणाली मशीन.
तीस उन्हाळे पानं तोडली, राखेनं भांडी घासली,
कुठल्या रेषा जुळणार आता?
तू मात्र सही केलीस.
हलामीतल्या 'मी'ची वेलांटी एवढी ताणलीस
की चौकटीबाहेर गेली.
साहेबानं दुसरा फॉर्म दिला.

मला अक्षर येत नाही, आकडा येतो.
येतं तेवढं सांगितलं:
पिन म्हणजे दात घासायची काडी, कोणाला देत नाहीत.
एटीएमपुढं मागचा मान लांबवत असेल
तर वळून म्हणायचं, सरक जरा, बाप्पा.
फोनवर कोणी बक्षीस लागलं म्हणालं
तर विचारायचं, मी तिकीट कधी काढलं होतं?
आणि महिन्याला एकदा पासबुक छापून आणायचं,
नसलं काही तरी.

आठ हजार चारशे साठ जमा झाले.
पहिल्याच आठवड्यात तू बाराशे काढलेस,
पोलीस भरतीसाठी धावायचे बूट.
बाराशेत शेळीचं पिल्लू आलं असतं,
हे माझ्या ओठावर आलं होतं.
तिथंच ठेवलं.
आता रोज पहाटे बंधाऱ्यावरून
त्या बुटांचा आवाज येतो,
शेळीचा आला असता तसाच. नाही, तसा नाही.

मग एके दिवशी पासबुक माझ्या नाकासमोर:
"आते, हे सतरा रुपये सत्तर पैसे कोणं खाल्ले वं?"
मेसेजचे असतात, म्हटलं.
"आपल्या गावात रेंज नाही.
मेसेज येते कुठं?"
दुसऱ्या दिवशी एकटी गेलीस.
साहेब आधी हसला, मग कागद पुढं केला,
मेसेज नको म्हणून अर्ज लिहून दे.
गेलेले आले नाहीत.
येण्याजाण्याला ऐंशी रुपये लागले
आणि तू जिंकल्यासारखी घरी आलीस.
मी तो हिशेब केला नाही.

पोळ्याच्या आधी गटाचा हप्ता अडला माझा.
दोन हजार दे, म्हटलं, होतील तेव्हा देईन.
तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस,
आत जाऊन वही आणलीस.
"कधी देशील, आते? तारीख सांग."

राग आला. खोटं कशाला बोलू.
ज्या पोरीला दात आले तेव्हा
पहिली भाकर मी चावून दिली,
ती मला तारीख विचारते.
चुलीपाशी बसून फुंकत राहिले,
लाकूड तर केव्हाच पेटलं होतं.
मग म्हटलं, लिही. धान निघालं की.
"हे तारीख नाही होत."
बरं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी.

लिहिलंस. वही फिरवून माझ्यासमोर ठेवलीस.
पेन पुढं केलास, मग तुझं तुलाच आठवलं.
घरात शाई नव्हती.
मी तव्याच्या बुडाची काळी बोटावर घेतली,
तुझ्या ताणलेल्या वेलांटीच्या बाजूला
अंगठा दाबला, जोरात.

कागद काही म्हणाला नाही.
घेतला त्यानं.