खंड

वाचनालयात खंड म्हणजे
चामडी पाठीचा, कसर लागलेला ग्रंथ.
बापाच्या तोंडी खंड म्हणजे
भाटकाराच्या कोठीत मोजून ओतायचं भात.
आणि ऑफिसच्या कागदावर खंड म्हणजे
एक डिसेंबर.
त्या दिवशी आम्ही नोकरीत नसतो.
तीनशे चौसष्ट दिवस भरले की एक दिवस
गेटवरचं यंत्र आमचं बोट ओळखत नाही.

यंदा त्याच दिवशी जमलो,
गेटाबाहेर, चिऱ्यांच्या राशीवर.
पठारावरचं गवत पिवळं पडलेलं.
मेसची फिलोमिना जुन्या गोव्याहून
नोव्हेना करून थेट आली,
पिशवीत पाव, अजून ऊन.
मी रद्दीत निघालेल्या कॅटलॉग-कार्डांच्या पाठीवर
प्रश्न उतरवत होते.

वर्गणी किती?
महिना वीस? मग पावती मिळेल ना?
संप करावाच लागतो का?
पुढारीच उद्या साहेबाच्या गाडीतून फिरू लागला तर?
(हे आग्नेलने विचारलं. साहेबाची गाडी तोच चालवतो.)

उल्हास वेळीप बराच वेळ गवताची काडी मोडत होता.
म्हणाला, सरांनीच मला काणकोणहून आणून चिकटवलं,
आईच्या ऑपरेशनला पैसे दिले.
कुठल्या तोंडाने सही करू?
त्याला कोणी हसलं नाही.

शर्वाणी मॅडम, अकरा वर्षं तासावर शिकवतात,
चष्मा पुसत म्हणाल्या,
मी शिक्षक. कामगाराच्या व्याख्येत मी बसते का?
नाझिमाने झाडू बाजूला सारला,
ओढणीने चिरा झटकला:
आधी हांगा बसा, मॅडम.

मग तो प्रश्न आला, जो सगळे घेऊन आले होते.
काढून टाकलं तर?
कार्डावर लिहिला. खाली जागा सोडली.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.
फिलोमिना पाव वाटता वाटता म्हणाली,
आज तर काढलेलीच आहोत गो.
आज कोणाला भितेस?

अर्जाला सात नावं लागतात.
सहा झाली. उल्हासचं सहावं,
वळणदार, प्रयोगवहीतल्यासारखं.
कागद माझ्याकडे आला तेव्हा
मला बाप दिसला, ओसरीवर.
कुळाचा अर्ज त्याने कधी भरलाच नाही.
भाटकार बरा माणूस, म्हणायचा,
त्याला वाईट वाटेल.
भाटकार खरंच बरा होता.
त्याच्या मुलाने शेत विकलं.

पेन गळत होतं.

दोन तारखेला रांगेत उभी राहिले.
पोटात गोळा, हातात डबा.
यंत्राने एकदा नाकारलं,
दुसऱ्यांदा अंगठा ओळखला,
शाईसकट.