खालचा डेक

चौथ्या खंडात, पान दोनशे बारा:
'खालच्या डेकवरचे सगळे गेले.'
पुढच्याच ओळीत कमांडर मशाल
शनीच्या कड्यांवरून तोफा वळवतो
आणि वाचक अकराव्या खंडापर्यंत त्याच्यामागे पळतात.

माझ्या वाट्याला आले ते 'सगळे'.
शहाण्णव पानं, रंगीत, निम्मे पैसे आगाऊ.
सोहोनींची चिठ्ठी: युद्ध भव्य दिसू दे.

बाणकोटात भव्य म्हणजे खाडीचं तोंड
आणि बागमांडल्याच्या फेरीबोटीचा भोंगा.
मी युद्धनौका काढली,
ती आतून सुकटीच्या गोदामासारखी दिसायला लागली.
खोडली. पुन्हा काढली. पुन्हा सुकट.

मग गेले इसाकचाचांकडे.
तीस वर्षं इंजिनरूम, एक लढाई,
आता डावा कान फक्त चष्मा अडकवायला.
पडवीत बोईटाची खवलं काढत होते.
लढाई कशी दिसते, चाचा?

"आमी बघलीच नाय. आयकली.
वरती धडाम. खाली काटा."
कसला काटा?
"परेशरचा."
सुरीचं टोक हवेत धरून त्यांनी काटा करून दाखवला,
जरासा थरथरता.
"हितं हाय तवर आमी जिते.
हितं आला का कोन तरी दार लावनार.
भायरून."

कोण लावतं, विचारलं.
त्यांनी मासा उलटा केला.
दुसरी बाजू फार वेळ साफ करत बसले,
खवलं संपली तरी.

बावीस पानं मी नुसती तबकडी काढली.
एक काटा, एक काच,
काचेत कधी कुणाची हनुवटी, कधी कुणाचा घाम.
तोफा चौकटीच्या बाहेर, वर कुठेतरी.
कमांडर मशालचे बूट एकदा दिसतात,
छताच्या जाळीतून, घाईत.
दोन चौकटींमधली पांढरी पट्टी
दर पानाला केसभर रुंद करत नेली.
तेविसाव्या पानावर दार.
दारावर हात. बाहेरून.

सोहोनींचा फोन: हा हात कुणाचा?
संहितेत नाही. मशालचा करा, लोक रडतील.
म्हटलं, बघते.

बघितलं नाही. तसाच पाठवला,
फक्त मनगटावर एक बारीक ठिपका,
चंदेरी, नखाएवढाही नाही.

हे काय, त्यांनी विचारलं, चांदणी?
म्हटलं, हो,
चांदणीच धरा.