उकड

लियाकतने ऑइलची पट्टी बाहेर ओढली
तर टोकाला दूध घातलेला चहा.
निदान दिसायला तसाच.
"पाणी आत गेलंय," तो म्हणाला.
मामंजी टायरवर बसल्या बसल्या
दाभोळच्या खाडीकडे बघू लागले.

सव्वीस वर्षं त्यांनी रेडिएटरमध्ये
आमच्या विहिरीचं पाणी ओतलं.
शिमगा सरला की ती भरतीबरोबर खारट होते,
डाळ शिजत नाही तिच्यात, साबणाला फेस येत नाही.
पाणी ते पाणी, असं म्हणत
ते कळशी तिरपी धरायचे,
एक थेंब बाहेर न सांडता.

हेड उतरलं तेव्हा कळलं.
वाळवीनं खावं तसं ऍल्युमिनियम,
पाण्याच्या वाटा रुंदावत
एकमेकींत कोसळलेल्या,
नख लावलं की पांढरी भुकटी.
लियाकतने ते उलटं करून माझ्या हातात दिलं.
मी ते मामंजींच्या हातात दिलं नाही.

तसं सहा व्हॉल्व्हचं कुठे मिळेना.
चिपळूणला भंगारात एक होतं, बारा व्हॉल्व्हचं,
घाटात आपटलेल्या गाडीचं.
"माणसं?"
"वाचली," लियाकत म्हणाला, आणि जरा थांबून,
"म्हणतात तरी."
धोपाव्याहून फेरीबोटीनं ते आलं,
बारदानात गुंडाळून, सुरमईच्या टोपलीला टेकून,
अन् दोन दिवस गॅरेजभर मासळीचाच वास.

ब्लॉकला वंगण फासून
त्यानं कॅलेंडरचं पान दाबलं, मग तेच पान हेडवर धरलं.
भोकावर भोक बसत गेलं, तारखेवर तारीख.
एकच भोक एकादशीवर पडलं
जिथं ब्लॉकमध्ये नुसतं लोखंड.
ते बुजवायला हरचेकरकडे,
जो एरवी लाँचींचे शाफ्ट कातायचा.
इतकी लहान वस्तू बघून तो हसला,
पैसे मात्र लाँचीचेच घेतले.

"आता खरी भीती," लियाकत म्हणाला,
"पिस्टन वर येताना व्हॉल्व्हला लागला, तर सगळंच वाकडं.
घरात उकड आहे?"
मला वाटलं, भूक लागली असेल.
सकाळच्या भाकरीची उरलेली मी डब्यातून नेली.
त्यानं तिला तेलाचं बोट लावलं,
पहिल्या पिस्टनवर थापली,
हेड ठेवलं, बोल्ट आवळले,
आणि हातानं इंजिन फिरवलं,
दोन वेढे, श्वास धरून.
फळीवर रेडिओत बाजारभाव चालले होते.
त्यानं तो बंद केला.

हेड उचललं.
उकडीत चार खळगे,
जसं कुणी रांगत्या मुलानं
ओल्या अंगणात टाचा टेकाव्यात.
ब्लेडनं कापून त्यानं सर्वात पातळ जागा मोजली.
मी विचारलं, किती?
"पुरे," एवढंच म्हणाला,
आणि तो तुकडा खिडकीत ठेवला.

बोल्ट मधून बाहेर, शंखाच्या वळणानं,
तीन फेऱ्या. पाना कट् करायचा
आणि तो लगेच हात काढून घ्यायचा,
झोपलेल्याच्या अंगावरून काढावा तसा.

मामंजी तोवर उठून कुठेतरी गेले होते.
परतले ते हिरव्या कूलंटचा कॅन घेऊन.
किंमत त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचली.
मग झाकण काढून वास घेतला.
"यात पाणी घालायचं ना?"
कुणीच बोललं नाही.
लियाकतने फळीवरून बॅटरीच्या पाण्याची बाटली काढून
त्यांच्यासमोर ठेवली.
त्यांनी ती तिरपी धरली.
या वेळी बरंच सांडलं.

तिसऱ्या सेल्फला गाडी लागली,
धुरात जुनं पाणी, नवं ग्रीस,
आणि वरून टिकटिक, जी आधी कधी नव्हती.
"वाजू दे. शंभर किलोमीटरनी आणा परत."

निघताना खिडकीत बघितलं.
उकडीला मुंग्या लागल्या होत्या,
तेलाची बाजू तेवढी सोडून.