ताण

शिमगा सरला की मोगऱ्याचं पाणी तोडायचं,
पानं ओरबाडायची, शेंडे छाटायचे,
मुळं उघडी टाकायची उन्हात आठ दिवस.
राजारामपुरीतल्या माझ्या गच्चीत
गणीचाचा बागवान कात्री लुंगीला पुसत म्हणाले,
"ताण द्या, अक्का. त्याबिगर कळी धरत नाही."

बाकीच्या कुंड्यांवर गुऱ्हाळावरचं चिपाड अंथरलं.
जास्वंदीच्या पिठ्या ढेकणाला तंबाखूचं पाणी,
कढीपत्त्याला आंबट ताक.

तिसऱ्या रात्री मात्र
तांब्या घेऊन वर गेले.
चौथ्याही.

चैत्र अर्धा झाला.
समोरच्या इंदुलकरांकडे ओंजळभर कळ्या,
माझा नुसता पाल्यावर माजलाय.

गणीचाचा मातीत बोट खुपसून बघतात,
मग माझ्या तोंडाकडे.
"वळीव झाला होय, अक्का?
तुमच्याच गच्चीवर?"